इंदूचे सहा वारांचे उपवास

इंदू गेली त्याच्या आठ दिवस आधी मी तिला भेटायला शिरपूरला गेले होते, आणि त्या शेवटच्या भेटीतही आम्ही भांडलो. कावीळ अंगभर पसरलेली, डोळे हळदीसारखे पिवळे, आवाज खोल गेलेला. तरी बाई खाटेवर पडल्या पडल्या सासूला, नवऱ्याला आणि मला सूचना देत होती. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे, ते कुणीतरी पुढे करा. विमलला चहात साखर कमी घाला, ती सुटली आहे. मी म्हटलं, "इंदे, मी आता कोकिळेला खरं काय ते सांगून टाकते." ती म्हणाली, "आता कशाला? मी बरी झाले की बघू." मी म्हटलं, सोळा वर्षं तू हेच म्हणते आहेस. त्यावर "विमे, तू फार बोलतेस" म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं. नंतर जळगावला मी शिकवते त्या शाळेत तार आली तेव्हा रडू पुष्कळ उशिरा आलं. आधी आला तो संताप. शेवटचा शब्दसुद्धा हिनं स्वतःकडेच ठेवला.

खरं काय ते एवढंच, की आमच्या वर्गातल्या कोकिळेला, एका उपाशी मुलीला, आणखी उपाशी ठेवणारी बातमी मी लिहिली होती आणि त्या बातमीचा दोष इंदूनं स्वतःच्या अंगावर घेतला. आज महिना होत आला. घरचे म्हणतात, झालं गेलं, आता कशाला उकरतेस? म्हणजे इंदूचंच वाक्य. ते ऐकलं की माझं डोकं आणखी फिरतं, म्हणून इथे सगळं लिहिते आहे.

आम्ही धुळ्याच्या मुलींच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे, आणि ही गोष्ट दहावीची. इंदूचे वडील एका कापडदुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून शिवणकाम करायचे. घरी खाणारी तोंडं पुष्कळ, पण इंदूला भूक म्हणून सहन व्हायची नाही. दुसऱ्या तासाला, बाईंची पाठ फिरली की बाकाखाली डबा उघडून ती भाकरीचा तुकडा मोडायची आणि ठेच्याचा वास सगळ्या वर्गात पसरला की माझ्याकडे बोट दाखवायची. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं तिला माहीत नव्हतं. कुणी कुठे बसायचं, कुणी कुणाशी बोलायचं, कुणी वेणी कशी घालायची, हे ती परस्पर ठरवून टाकायची आणि नंतर आपल्याला कळवायची. मी तिची मैत्रीण कशी राहिले हे मला अजून उमगलेलं नाही.

शाळेच्या दाराशी एक फळा होता. रोज सकाळी त्यावर शाळेच्या बातम्या लिहायच्या. कुणाचा वक्तृत्वात नंबर आला, कुणाच्या चपला हरवल्या, शिवणाच्या तासाला कुणी काय आणायचं... माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे होतं. मजकूर मी आणि इंदू मिळून ठरवायचो, म्हणजे मी सुचवायचं आणि तिनं नाकं मुरडायची. एके दिवशी ती उशिरा आली आणि मी एकटीनं लिहिलं: "दहावी ब मधील कु. कोकिळा ही सोमवार ते शनिवार असे सहाही दिवस कडक उपवास करते. तिची निष्ठा आपणा सर्वांना मार्गदर्शक आहे." खडूनं दोन्ही बाजूंना कमळं काढली. फार छान झाली होती.

कोकिळा शिंदखेड्याकडच्या खेड्यातली. धुळ्यात मामाकडे राहून शिकायची. मामाच्या घरी माणसं अकरा. सकाळचं पाणी भरून, भांडी घासून ही शाळेला निघे तेव्हा हिच्या डब्याची आठवण कुणाला राहत नसे, आणि आठवण करून देणं हिच्या स्वभावात नव्हतं. मधल्या सुट्टीत कुणी विचारलं की म्हणायची, "माझा उपवास शे." सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, बुधवारी पांडुरंगाचा, गुरुवारी दत्ताचा. शुक्रवारी लक्ष्मी आणि शनिवारी मारुती. आम्ही पंधरा-सोळा वर्षांच्या घोड्या मुली, पण ह्यात काही खटकावं असं एकीच्याही मनात आलं नाही. उलट मला कौतुक वाटलं. मी घरी संकष्टी करायची म्हटलं तरी दुपारी चक्कर येते म्हणून आई करू द्यायची नाही.

मोठ्या बाईंनी फळा वाचला. प्रार्थनेनंतर कोकिळेला सगळ्यांसमोर बोलावलं, तिच्या पाठीवर हात ठेवला, संयमावर दहा मिनिटं बोलल्या आणि देवापुढचा नारळ तिच्या हातात दिला. ती खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, लाजली. आता ती शाळेत कुणासमोर शेंगदाणासुद्धा तोंडात टाकू शकणार नाही, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. इंदूच्या शिरलं. मधल्या सुट्टीत ती सरळ कोकिळेच्या हातातला नारळ घेऊन पायरीवर गेली, "प्रसाद एकटीनं ठेवून घ्यायचा नसतो" म्हणत तो फोडला आणि सगळ्यांत मोठा तुकडा कोकिळेला दिला. मग माझ्या दंडाला धरून मला नळापाशी ओढत नेलं.

"ती कशी खातेय बघितलंस? खोबरं संपून करवंटी लागली तरी दातांनी खरवडतेय. उपवास नाही तो, विमे. तिला डबाच नसतो."

मी पाहिलं. खरंच, खोबरं संपलं होतं आणि ती करवंटी सोडत नव्हती... इतक्यात तिचं आमच्याकडे लक्ष गेलं. ती उठून आली आणि अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "फळ्यावर कोनी लिहिलं?" अक्षर माझं, सगळी शाळा ओळखायची. मी तोंड उघडलं. तेवढ्यात इंदू म्हणाली, "मी सांगितलं, हिनं लिहिलं. हिला काय, सांगेल ते लिहिते."

कोकिळेनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती निघून गेली. त्यानंतर शाळेत असेपर्यंत ती इंदूशी एक शब्द बोलली नाही.

मी इंदूला म्हटलं, खोटं कशाला बोललीस? आणि वर मला बिनडोक ठरवलंस ते वेगळंच. तर तिचा हिशेब तयार होता. कोकिळेला रोज काहीतरी खायला घालायचं, ते आणायचं माझ्या घरून, कारण माझं घर शाळेमागेच आणि माझी आई हाताची सढळ. जिनं ही बातमी काढली तिच्या हातचं कोकिळा मेली तरी घेणार नाही. तेव्हा रागावायचं असेल तर तिनं इंदूवर रागवावं, इंदूच्या घरून तसंही काही यायचं नाही. हे सगळं तिनं नळाशी उभं राहून, ओंजळीनं पाणी पिता पिता ठरवलं. मला विचारलं नाही. मग ती मोठ्या बाईंकडे गेली आणि म्हणाली, कडक उपवासानं मुलगी चक्कर येऊन पडली तर शाळेचं नाव जाईल. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला नियम जाहीर झाला: शाळेत कडक उपवास चालणार नाही. उपवासाच्या मुलींनी मधल्या सुट्टीत एकत्र बसून फराळ केलाच पाहिजे. असं आमचं उपवास मंडळ निघालं. सभासद तीन. कोकिळा, इंदू आणि मी. कुणी कुणाला काही देतंय असं दिसायला नको, म्हणून सगळ्यांचेच सहा उपवास.

त्या दोन वर्षांत मी किती भगर खाल्ली ह्याची कल्पना करवत नाही. घरी आई वरण-बट्टी करायची, भरीत व्हायचं, आणि माझ्या डब्यात साबुदाणा. आईनं पहिल्या आठवड्यात विचारलं, "सहा दिवस? एवढं कोणत्या देवाचं काय बिघडवलं तू?" मी तिला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून डब्याचा आकार दुप्पट झाला. राजगिऱ्याची थालीपीठं, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी. आमच्या वर्गातल्या पुष्पाच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, घर जैन. ती आमचा फराळ पाहून म्हणाली, "ह्याला तुम्ही उपवास म्हणता? आमच्यात उपवासाला पाणी पितात. तेही उकळलेलं." म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुड्यात शेंगदाणे-गूळ घेऊन आमच्यात येऊन बसली. हळूहळू आठ-दहा जणी झाल्या. त्यांतल्या दोघी-तिघींनाही घरून डबा नसायचा, हे आम्हाला फराळ किती लवकर संपतो त्यावरून कळलं. मोठ्या बाई मला विचारायच्या, अग, एवढा चांगला उपक्रम, फळ्यावर का नाही? मी इंदूकडे पाहायची. तिनं मला बजावून ठेवलं होतं: त्या फळ्यावर आता फक्त पाऊस आणि हरवलेल्या चपला.

आणि तिचे स्वतःचे उपवास? साबुदाणा तिला बघवत नसे, डिंक चावल्यासारखा लागतो म्हणायची. घरून उकडलेल्या शेंगा आणायची आणि त्याही मधे ठेवून द्यायची. चौथ्या तासाला तिच्या पोटातला आवाज मला ऐकू यायचा. मी म्हणायची, इंदे, तू घरून जेवून ये आणि इथे नुसती बस, कुणाला कळतंय? तर म्हणे, "जेवून आले तर तिच्यासमोर माझं तोंड खोटं दिसेल." फळ्याबद्दल धडधडीत खोटं बोलताना हे तोंड कुठे होतं, असं मी विचारलं.

मॅट्रिक होऊ दे, मग सांगू, असं ठरलं होतं. मॅट्रिक झाली. कोकिळा नर्सिंगला गेली. मग तिचं ट्रेनिंग होऊ दे. मग माझं लग्न होऊ दे. इंदू शिरपूरला प्राथमिक शाळेत लागली, तिथेच तिचं लग्न झालं. दरवेळी मी विषय काढला की "आता कशाला?" आणि मी तरी कुठे मोठी सत्यवादी... कोकिळा माझ्यावर जीव टाकायची. माझ्या बाळंतपणात रजा काढून जळगावला आली, पंधरा दिवस राहिली. माझ्या आईला आई म्हणायची. हे सगळं एका वाक्यानं जाईल ह्याची मला भीती होती, आणि इंदूनं गप्प बसवलं की मला चीड यायची आणि सुटल्यासारखंही वाटायचं. दर संक्रांतीला इंदू तिला कार्ड टाकायची. एकदा धुळ्याला कोकिळेच्या खोलीवर मी बसलेली असताना ते आलं. कोकिळेनं पाहिलं, न वाचता फाडलं आणि म्हणाली, "विमलताई, उपाशी मान्सावर हसनारी बाई ती." मी चहा पीत राहिले. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. इंदूलाही नाही.

गेल्या आठवड्यात मी धुळ्याला उतरले आणि कोकिळेला म्हटलं, इंदूच्या घरी जाऊन येऊ, मला एकटीला जाववत नाही. ती माझ्याखातर आली. शिरपूरला इंदूच्या सासूबाईंनी आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं. त्या चुलीशी होत्या. घड्याळ अजून पाच मिनिटं मागे होतं. आता सांगितलं नाही तर परत कधीच सांगणार नाही, हे मला कळलं, आणि मी सांगितलं. फळा, खडू, कमळं, इंदू त्या सकाळी उशिरा आली होती ते, नळापाशी काय ठरलं ते, मंडळ कुणासाठी होतं ते. बोलताना माझा आवाज चढला होता, जणू इंदूच समोर बसली आहे आणि तिलाच मी झापते आहे.

कोकिळा ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंडळ माझ्यासाठी होतं, ते मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. मला वाटलं, विमलताई, तुम्ही काढलं."

सासूबाईंनी तिच्यापुढे ताट सरकवलं. भाकरी, उडदाची डाळ, ठेचा. म्हणाल्या, "मनी सून कोनले इचारे नही, जेवशी का म्हनीसन. ताट वाढी दे. आते ह्या घरनी तीच रीत शे." म्हणजे इंदू जेवशील का असं कुणाला विचारत नसे, सरळ ताट वाढायची. कोकिळा सवयीनं म्हणाली, "नको आजी, आज माझा..." आणि थांबली. वार कोणता ते आठवत असावी, किंवा नसावी. मग ताट जवळ ओढून म्हणाली, "वाढा. भूक लागली आहे." इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

अर्धी भाकरी झाल्यावर तिनं सासूबाईंना विचारलं, "तिचा फोटो शे का घरात? मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही." त्यांनी आतून लग्नाचा फोटो आणून दिला, पत्र्याच्या चौकटीतला. त्यात इंदू कुणालातरी काहीतरी सांगत असतानाच फोटो निघाला आहे, तोंड अर्धवट उघडं. डाव्या हातात तो फोटो धरून कोकिळा उजव्या हातानं जेवत राहिली. दोन भाकरी खाल्ल्या. सासूबाईंना "येते" म्हणाली. माझ्याशी ती अजून बोललेली नाही.