किरकोळीतली माफी

तोटीमामा धंद्याने प्लंबर आणि स्वभावाने वात्रट. प्लंबर घरात आला की एक बिघाड काढून जातो. मामा एक काढायचे आणि दुसरा ठेवून यायचे. बिघाड नव्हे म्हणा, गंमत. कुणाच्या नळाखाली पाण्याचं कारंजं थेट चष्म्यावर उडायचं, कुणाचा शॉवर अंघोळ संपल्यावर पाच मिनिटांनी आपोआप दोन थेंब शिंकायचा. वय त्रेसष्ट, मिशा पांढऱ्या, गुडघे बसता-उठता कुरकुरणारे. पण खोडीचा वास आला की माणूस बारा वर्षांचा व्हायचा.

त्यांच्या ज्यू समाजात नव्या वर्षाचा सण झाला, सफरचंदाच्या फोडी मधात बुडवून खाऊन झाल्या, ‘वर्ष गोड जावो’ म्हणून झालं, की दहाव्या दिवशी योम किप्पूर येतो. दिवसभर कडकडीत उपास आणि पश्चात्ताप. मधले दिवस मनं साफ करायचे. कारण देव देवापुरतं माफ करतो. शेजाऱ्याचं वाकडं केलं असेल, तर शेजाऱ्याच्याच दारात जावं लागतं.

मामांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता. दर वर्षी ते प्रार्थनाघराच्या पायरीवर उभे राहून एकदाच मोठ्याने म्हणायचे, “मंडळी, वर्षभरात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला!” मंडळी हसायची, काम व्हायचं.

यंदा मात्र रब्बी, म्हणजे प्रार्थनाघराचे धर्मगुरू, नवे होते. वय जेमतेम तिशीचं, दाढी अजून नीट धरलेली नव्हती, पण कान तिखट.

“मामा,” ते म्हणाले, “ही घाऊक माफी झाली. ती चालत नाही. किरकोळीत मागा. ज्याची कळ काढली त्याच्यासमोर उभं राहायचं आणि काय केलं ते सांगायचं.”

“पण रब्बीसाहेब, त्यांना माहीतच नाही मी केलंय ते!”

“मग तर सांगायलाच हवं.”

मामांची रात्रीची झोप उडाली नाही, पण दुपारची उडाली. पाप केल्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. चांगल्या चांगल्या खोड्या फुकट उघड्या पडणार, याचं वाटत होतं. शेवटी मन घट्ट करून ते बेकरीवाल्याकडे निघाले.

बेकरीवाला म्हणजे अवाढव्य माणूस. चालताना डावीकडे-उजवीकडे झुलायचा. भट्टीमागच्या खोलीत कामगारांसाठी हात धुवायचा नळ होता. दोन महिन्यांपूर्वी मामांनी त्यात अशी काही वॉशरची चकती बसवली होती, की नळ सोडला की थेट बदकाचा आवाज यायचा. ‘क्वॅक!’

“शेठ, तुमच्या मागच्या खोलीत बदक ओरडतं ना?” मामांनी सुरुवात केली.

बेकरीवाल्याचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला. “बदक कसलं! तो माझा जावई. मी काउंटरकडे चालायला लागलो की हात धुवायच्या निमित्ताने मागे जाऊन बदकासारखा ओरडतो. दोन महिने झाले, मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही!”

मामा आतल्या नळाकडे बोट दाखवत म्हणाले, “शेठ, तो जावई नाही. तो वॉशर आहे.”

त्यांनी आत जाऊन नळ सोडून दाखवला. क्वॅक. बंद केला, पुन्हा सोडला. क्वॅक. बेकरीवाला पिठाचे हात तसेच धरून नळाकडे बघत राहिला. मामा मार खायच्या तयारीत उभे होते. पण बेकरीवाला मटकन पिठाच्या पोत्यावर बसला.

“म्हणजे पोरगं बिचारं निर्दोष? मामा, तुमचं राहू द्या, तुम्हाला माफ केलं. आता मला त्याच्यापुढे नाक घासावं लागणार!”

तो ॲप्रनसकट तसाच झुलत पुढच्या काउंटरवर गेला. जावई पाव बांधत होता. सासऱ्याने सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्याची माफी मागितली. जावयाच्या हातून पाव खाली पडला.

“बाबा, तुम्ही नका मागू,” तो कानकोंडा होऊन म्हणाला. “तुम्ही बोलणं टाकलंत, तेव्हा मला इतका राग आला की मी रोज घरी तुमच्या चालण्याची नक्कल करून दाखवायला लागलो. तुमची मुलगी पोट धरून हसायची.”

“ती पण?” बेकरीवाला गरजला. मग दोघंही एकमेकांकडे बघून असे काही हसले की रांगेतल्या बायकाही हसायला लागल्या. मामा हळूच सटकले. एका वॉशरने तीन जणांची माफी वसूल केली होती. त्यांना उगाचच कामगिरी फत्ते केल्यासारखं वाटलं.

खरा घाट पुढे होता. तो म्हणजे त्यांची ताई.

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. वसंतात पुरीमचा सण येतो. एका राणीने आपण ज्यू असल्याचं लपवून ठेवलं आणि वेळ येताच उघड करून सगळ्या समाजाचे प्राण वाचवले, त्याच्या आठवणीत लोक वेषांतर करतात, धिंगाणा घालतात. त्या दिवशी मामा लांब झगा घालून, नाकापर्यंत रुमाल ओढून ताईच्या दारात गेले होते. ‘मी परगावहून आले, मुलाची आत्या, तुमच्या मुलीचं स्थळ बघायला.’ ताईने खुर्ची दिली, तीनकोनी बिस्किटं दिली. मग म्हणाली, “घरची माहिती सगळी सांगायला हवी. मला एक भाऊ आहे.” आणि तासभर ती भावाचीच माहिती सांगत बसली. मामांना रुमालाआडून ‘हो का? अगंबाई!’ एवढंच म्हणता आलं.

आता तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी हे सगळं एका दमात ओकून टाकलं. “ताई, चुकलो. माफ कर.”

ताई वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “नाही.”

“ताई, मनापासून मागतोय.”

“नाही.”

“अगं, तीनदा मागूनही माफी दिली नाही तर पाप तुझ्या डोक्यावर बसतं!”

“म्हणून तर दोनदाच नाही म्हटलं. जा, केलं माफ.” तिने एक वाटाणा तोंडात टाकला. “आता तू मला कर. मी तुला दारातच ओळखलं होतं.”

“कशावरून?”

“परगावच्या आत्याच्या नखांत पाइपाचे सांधे बुजवायचं पांढरं लुकण नसतं रे. तीस वर्षं शाळा चालवली मी.”

मामांच्या मिशा खाली आल्या. “मग तो तासभर...?”

“तुला एक तास गप्प बसवायची संधी पुन्हा कधी मिळणार होती?”

मामांना त्या तासातलं सगळं आठवायला लागलं. वडिलांच्या बुटातला बेडूक, परीक्षेत उलटं केलेलं घड्याळ, हे सगळं तिने सांगितलं होतं, ते त्यांनी मजेत ऐकलं होतं. पण शेवटी ती म्हणाली होती, ‘बायको गेल्यापासून एकटाच जेवतो. शनिवारी बोलावलं तर म्हणतो, आत्ताच जेवलो. खोटं बोलतो. ताटावर एकट्याने बसायची सवय लावून घेतोय, आणि ती मला बघवत नाही.’ ते त्यांनी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. पण घरी गेल्यावर झगा काढायला त्यांना बराच वेळ लागला होता.

“तोंडावर का नाही बोललीस?” त्यांनी विचारलं.

“तोंडावर बोलले असते तर तू काहीतरी कोटी केली असतीस.”

मामांनी समोरचं स्टूल ओढलं, ढीगभर शेंगा पुढ्यात घेतल्या आणि सोलू लागले. निम्मे वाटाणे जमिनीवर गेले. उपासाच्या आधीचं जेवण त्या दिवशी ते तिथेच जेवले, दोनदा वाढून घेऊन.

उपास पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या इमारतीच्या अंगणात सुक्कोत सणाच्या मांडवाचं काम सुरू झालं. आठवडाभर त्या तात्पुरत्या आडोशाखाली जेवायचं, आणि छपराच्या फांद्या इतक्या विरळ ठेवायच्या की वरचं आभाळ दिसलं पाहिजे. मामा शिडीवर होते, ताई खाली शिडी धरून.

“ती फांदी डावीकडे घे,” ताई म्हणाली.

“माझी डावी की तुझी?”

“शहाणी माणसं सांगतात तिकडची.”

मामांनी फांदी सरकवली, आणि मग खाली वाकून विचारलं, “आत टेबल कुठे लावायचं? मला उन्हात बसून जेवायला नाही आवडत.”

ताईने शिडी आणखी घट्ट धरली. “आधी खाली उतर नीट,” ती म्हणाली. “मग तुझी खुर्ची कुठे ठेवायची ते बघू.”