वळखलंस का मला?

पेठेत कुणी अंथरुणाला खिळलं की आक्काताई हजर. उशाशी बसायची, रोग्याचा खांदा गदागदा हलवायची आणि विचारायची, "वळखलंस का मला?" त्यानं डोळे उघडून नाव घेतलं की हिला गड जिंकल्यासारखं व्हायचं. माया खरी होती, पण असली माया वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

आता पेरलं तेच उगवलं. तिचा कॅन्सर हाडांत उतरला. बरं करणं हातात नाही, दुखणं तेवढं थांबवू, असं सांगून दवाखान्यानं घरी पाठवलं. तिथली नर्स क्रांती घरी येऊन मॉर्फिनचं पातळ औषध कसं द्यायचं ते मुलाला, कृष्णातला, शिकवून गेली. "वेळेवर द्या. दुखायची वाट बघू नका," असं बजावलंही.

पण औषधानं आक्काताईला झोप लागायची आणि कृष्णातला लोकांची लाज. "आई, जरा दम धर. आजऱ्याचं पावणं वाटंत हाईत. तू झोपल्यावर त्यांनी काय भिंतीसंगं बोलायचं?" मग पावणे यायचे, चहा व्हायचा, एकेक जण वाकून विचारायचा. कळ अशी उठायची की पायाची बोटं आखडायची. तरी ती दात खाऊन नाव सांगायची. "सगळं वळखतीया की," म्हणत लोक खुशीत जायचे आणि आणखी चार जणांना धाडायचे.

एकदा शेजारची धोंडुबाई वाकली, तेव्हा आक्काताईत बोलायचं त्राणच नव्हतं. "आता वळख ऱ्हायली न्हाय," म्हणत धोंडुबाई हिरमुसून उठली आणि कृष्णातनं लगेच औषधाची बाटली उघडली.

आक्काताईनं ते बरोबर हेरलं. तेव्हापासून तिनं कुणालाच ओळखलं नाही. माणसं यायची थांबली, औषध वेळेवर मिळू लागलं.

मग गडहिंग्लजहून धाकटी बहीण तानाबाई आली. आई गेल्यावर आक्काताईनं हिला कडेवर वाढवलेलं. औषधाची वेळ टळली होती. कृष्णात बाटली हातात धरून म्हणाला, "थांब मावशे, तुला तरी वळखती का बघू. वळखलं तर उद्या सगळं माहेरच घिऊन येतो."

"आक्का, मी तानी. वळखलंस का मला?"

आक्काताईनं तिच्याकडे डोळे भरून पाहिलं.

"न्हाय. कोण तू?"

तानाबाई पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. कृष्णातनं औषध पुढं केलं. आक्काताईनं ते शेवटच्या थेंबापर्यंत चाटून घेतलं.