इथे फक्त आम्हीच राहतो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या भाजीच्या दुकानात समोरासमोर आलो तर तुम्ही माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघणार नाही — एवढ्या आडोशाने का होईना, पण सांगते.

गोष्ट शाळेची आहे. निदान मी स्वतःशी तसं म्हणत आले — शाळेच्या हद्दीची, फ्रेंचच्या तुकडीची, तेव्हा सगळ्यांचंच डोकं फिरलं होतं त्याची. खरंच तेवढीच होती का? बघा तुम्हीच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दुबईत करामाला राहायचो. नवरा जबल अलीच्या एका कंपनीत इंजिनिअर. सकाळी सहाला कंपनीची बस, संध्याकाळी सातला परत. फ्लॅट दोन खोल्या आणि हॉलचा. एकट्याने भाडं झेपत नव्हतं, म्हणून एक खोली दुसऱ्या कुटुंबाला दिली होती. तिकडे त्याला शेअरिंग म्हणतात. सगळेच करायचे, आणि घरमालकाला ते चालत नाही हेही सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे घरात एक गोष्ट पक्की ठरलेली असे. वॉचमन असो, बलदियाचा म्हणजे नगरपालिकेचा माणूस असो, कुणीही अनोळखी दारावर किंवा फोनवर विचारू लागला, तर उत्तर एकच — इथे फक्त आम्हीच राहतो. मुलांनाही पढवून ठेवलेलं. केतकी, माझी मुलगी, चार वर्षांची असल्यापासून हे वाक्य इंग्रजीत घडाघडा म्हणायची आणि आम्ही हसायचो.

दुसऱ्या खोलीत हमीदा होती. रत्नागिरीकडची. तिचा नवरा याकूबभाई रास अल खोरला गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या गोदामात कामाला, आणि एकच मुलगी, शबनम. केतकीएवढीच, एकाच वर्गात. सहा वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात राहिलो. सहा वर्षांत तिने माझं एकही पातेलं न विचारता घेतलं नाही. मी गुरुवार करायची, तर त्या दिवशी ती घरात मासळी आणायची नाही. मी कधी सांगितलं नव्हतं. केतकीला गोवर निघाला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली ती हमीदा. मला सर्दी झाली होती, म्हणून मी झोपले होते.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढचं सांगताना मला ते विसरायची सवय लागली आहे.

मुली पाचवीत असताना शाळेने नोटीस काढली. जुनी इमारत अपुरी पडत होती. वाळवंटात, शहराबाहेर नवी शाखा होणार, आणि सहावीपासूनची सगळी मुलं तिकडे जाणार. जुन्या इमारतीत सहावीची एकच तुकडी राहील, फ्रेंचची, तीस मुलांची. हिंदीऐवजी फ्रेंच. त्यासाठी एक परीक्षा, तीत थोडं प्राथमिक फ्रेंचही, आणि घर शाळेच्या हद्दीत हवं. करामा हद्दीत होतं. नाहीतर नवी शाखा: पहाटे साडेपाचला बस, दीड तास जायला, दीड तास यायला.

पालकांची सभा झाली ती आठवते ना — म्हणजे तुम्हाला कशी आठवणार! हॉल गच्च भरलेला. एक दिल्लीचे गृहस्थ उठून ओरडले, "हम लोग इधर फ्रेंच सीखने आए हैं क्या?" आमच्यातल्याच एक बाई म्हणाल्या, "उद्या व्हिसा खलास झाला आणि इंडियात परत जावं लागलं, तर पोरांचं हिंदीचं काय?" कुणी म्हणे फ्रेंचला मार्क पडतात, कॅनडाला जायला बरं. कुणी म्हणे हे सगळे मोठ्या लोकांचे चोचले. पण त्या दिवशी फ्रेंचला शिव्या घालणाऱ्या प्रत्येकाने दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. मीही भरला. मला कुठे फ्रेंचचं कौतुक होतं? मला केतकी जवळ हवी होती, आणि खरं सांगायचं तर, वरच्या तुकडीत हवी होती.

त्या सभेत मीही उठले. मी पालक समितीत होते, बोलायची हौस दांडगी. मी म्हणाले, शेजारच्या शारजातले लोक मित्रांचे करामाचे पत्ते लावतात, हे चालणार नाही. नियम सगळ्यांना सारखे हवेत. ऑफिसने प्रत्येक पत्त्यावर फोन करून खात्री करावी. टाळ्या पडल्या. हमीदा मागच्या रांगेत बसली होती, तिनेही वाजवल्या. घरी येताना म्हणाली, "वहिनी, काय बोललात! मला तर असं उभं पण राहायला येणार नाय."

परीक्षा झाली. समितीत असल्यामुळे निकाल बोर्डावर लागायच्या आधी मला यादी दिसली. शबनम अकरावी. केतकी एकतिसावी.

एकतिसावी! पास होऊन बाहेर. प्रतीक्षा यादीत पहिली. एक मूल गळलं की आत. मी तो कागद दोनदा वाचला. शबनम माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच डायनिंग टेबलावर बसून अभ्यास करायची. केतकीला फ्रेंच आकडे तीच शिकवायची, पोर पाय हलवत हलवत. मला तिचा राग आला. दहा वर्षांच्या मुलीचा. तिने काय केलं होतं? माझ्या घरात राहून माझ्या मुलीच्या पुढे गेली होती, एवढंच. ती मागे राहिली असती तर मी तिच्यावर किती प्रेम केलं असतं!

आणि दोन दिवसांनी फोन आला.

दुपारची वेळ. मुली शाळेत. हमीदा स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, आवाज हॉलपर्यंत येत होता. फोन शाळेच्या ऑफिसातून होता. क्लार्कने आधी शाळेचं नाव सांगितलं, मग विचारलं, केतकीची आई बोलताय का? मी हो म्हणाले. तो म्हणाला, एकाच फ्लॅटच्या नंबरवर दोन मुली दिसताहेत, म्हणून विचारतो — ही शबनम तुमच्याकडेच राहते ना?

भाकरी थापायचा आवाज चालूच होता.

मी म्हणाले, "नहीं. यहाँ सिर्फ हम लोग रहते हैं."

त्याने विचारलं, मग ते कुठे राहतात? मी आवाज खाली आणून म्हणाले, रास अल खोर. तो थँक्यू मॅडम म्हणाला आणि फोन ठेवला.

हमीदा पिठाच्या हातांनी दारात आली. "कोण होतं, वहिनी?"

"राँग नंबर."

असं ते झालं. इतकं सोपं. त्या घरात ते वाक्य आम्ही इतक्या वेळा बोललो होतो की ते तोंडातून आपसूक आलं — असं मी पुढे स्वतःला सांगत राहिले. आपसूक! क्लार्कने मला माझ्या मुलीच्या नावाने हाक मारली होती. मला पूर्ण वेळ होता. 'हो' हा शब्द त्याहून लहान होता.

यादी लागली. केतकी तिसावी. शबनमचं नाव नव्हतं. याकूबभाई अर्ध्या दिवसाची रजा घेऊन शाळेत गेले. त्यांना सांगण्यात आलं की पत्त्याची खात्री झाली नाही, स्वतःच्या नावाचा घरभाड्याचा करार आणा. तो कुठून आणणार? करार आमच्या नावाचा. माझा नवरा साधा माणूस, लगेच म्हणाला, मी पत्र लिहून देतो, हे सहा वर्षं आमच्याकडेच राहतात म्हणून. मी त्याला आत बोलावलं. म्हणाले, शेअरिंगचं लेखी द्यायचं? घरमालकापर्यंत गेलं तर आपण रस्त्यावर. तो विचारात पडला. आणि बाहेर हॉलमधून याकूबभाईच म्हणाले, "नको, भाऊ. आमच्यापायी तुमच्यावर आफत नको. इन्शाल्ला, होईल काहीतरी." त्यांना वाटलं मी घाबरले आहे. मी घाबरलेच होते, पण घरमालकाला नाही.

काहीतरी झालं नाही. शाळेच्या कागदावर आता त्यांचा पत्ता रास अल खोरचा होता आणि त्या गोदामांच्या भागात शाळेची बसच जात नव्हती. करामाच्या बसमध्ये बसवायचं तर पुन्हा करार दाखवा. दुसऱ्या शाळांतले प्रवेश संपले होते. महिनाभर त्यांनी खटपट केली, आणि मग हमीदा शबनमला घेऊन गावी गेली. याकूबभाई आमची खोली सोडून गोदामाजवळ आठ जणांच्या खोलीत राहायला गेले. निघताना हमीदाने स्वयंपाकघरातला तिचा कप्पा पुसून दिला. शबनमने केतकीला आपली फ्रेंचची वही दिली. केतकी मला सारखी विचारत होती, "बट ममा, व्हाय डिडन्ट यू टेल देम?" मी तिला म्हणाले, मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नये.

शबनमला गावच्या शाळेत पुन्हा पाचवीत बसवलं, मराठी लिहिता येत नव्हतं म्हणून. हे हमीदाच्या पत्रातून कळलं. दहावीनंतर ती शिकली नाही. याकूबभाई दोन वर्षांतून एकदा महिनाभर जायचे. अशा तीन रजा झाल्या. चौथीच्या आधी ते रास अल खोरच्या त्या खोलीत गेले — छातीत दुखलं आणि गेले. म्हणजे त्या मुलीला दहाव्या वर्षानंतर बाप मिळाला तो तीन महिने. हा हिशेब मी कितीतरी वेळा केला आहे, तो बदलत नाही.

मी गावी फोन लावला. लावला नसता तर विचित्र दिसलं असतं. हमीदा फार रडली नाही. बराच वेळ मीच काहीबाही बोलत होते. मग ती म्हणाली, "वहिनी, एक गोष्ट बोलू? त्या दिवशी दुपारी फोन आलेला ना, तुम्ही राँग नंबर बोललात. मी ऐकलेलं. तुम्ही त्याला सांगितलंत, इथे फक्त आम्हीच राहतो."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नंतर माझ्या ध्यानात आलं, तो शाळेचा असणार. तुम्हाला वाटलं असेल बलदियावाला. तुम्ही आम्हालाच वाचवायला बोललात. मी यांनाही कधी सांगितलं नाय, उगाच तुमच्याबद्दल मनात काही येईल म्हणून. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका. आपलं ठरलेलंच होतं ना तसं?"

सहा वर्षं तिने हे जपून ठेवलं होतं. माझ्यासाठी. नवरा जाईपर्यंत त्याच्यापासूनसुद्धा. आणि आता तिने ते माझ्यापुढे ठेवलं, मी नुसतं उचलायचं होतं.

मी म्हणाले, "हो ग. मला तसंच वाटलं."

हमीदाने सुस्कारा सोडला. तिला बरं वाटलं असावं. मग तिने शबनमला हाक मारली, केतकीच्या आईचा फोन आहे म्हणून, पण शबनम आली नाही, कामात असेल. हमीदानेच विचारलं, "केतकीचं फ्रेंच कसं चाललंय? शबनम कधी कधी विचारते."

"सोडलं तिने," मी म्हणाले. "आठवीतच सोडलं."

त्या फोनवर मी तिच्याशी खरं बोलले ते एवढंच.