पाणी काढा म्हणणारी शैला मॅडम

त्या दिशी नांदेडच्या दवाखान्यात आम्ही एवढे व्हतो. माझा ल्योक बालाजी, सून गंगा, माझी नणंद कोंडाबाई, मी, आन शैला मॅडम. गंगाच्या मांडीवर लेकरू. पयलं लेकरू असंच दूध प्यायचं सोडून गेलतं. हे दुसरं.

गंगा माझी सून बी हाय आन माझ्या लेकीची लेक बी. आमच्या देगलूरकडं मामाला पोरगी देत्यात.

शैला मॅडम आमच्या माडीवर भाड्यानं ऱ्हायची. रक्तात काय काय सापडतंय त्याचा तिचा अभ्यास. दिसभर कंप्युटरवर ठिपके आन रेघा. चहा दिला की गार झाल्यावरच प्यायची. "काय बघतीस गं एवढं?" म्हणलं तर म्हणायची, "वाटा बघून राहिले आजी. खाल्लेलं अंगात कुठनं कुठं जातंय, त्या."

लेकराच्या रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात रक्तात सापडलेल्या जिनसांची लई नावं. डॉक्टर दूध बंद करा म्हणले, पर का ते आमच्या ध्यानात येईना, म्हणून बालाजीनं मॅडमला बोलावलं. कोंडाबाई गंगाला बोलूनच राहिली व्हती. "चांदाला गिराण लागलं तवा पोटुशी असून विळा धरला हिनं. एक खाल्लं, आता हे. हिला माहेरी घाला."

मॅडमनं बाकड्यावर कंप्युटर उघडला, बालाजीच्या मोबाईलवरनं नेट घेतलं, इंटरनेटवर अंगातल्या वाटांचा एक नकाशा असतो, त्यात ती नावं टाकली. बिघाडाशी जोडलेलं ते लाल व्हतंय. सगळंच लाल झालं.

"बघा, सगळंच बिघडलंय," कोंडाबाई म्हणली.

"थांबा आत्या. पाणी काढा आधी. पाणी सगळ्यातच असतंय, म्हणून सगळ्याचा सगळ्याशी संबंध दिसतोय."

तिनं नकाशातलं पाणी काढलं. आनखी तसलंच काई काई काढलं. जाळं इरळ झालं. तीन ठिपके लाल ऱ्हायले. तिघांच्या वाटा एकाच दरवाज्याशी येऊन थांबलेल्या.

"हे तीन दुधातनं येत्यात. त्यांचा फुडचा दरवाजा ह्या लेकराच्या अंगात उघडत न्हाई, म्हणून ते साचून इख व्हतंय."

"आईचं दूध बी बाधतंय?" बालाजी म्हणला.

"हाव."

"आन गिराण?" कोंडाबाई म्हणली.

"गिराण सगळ्या गावाला लागलतं आत्या. ते बी काढा."

"मग काय उरतंय?"

"दोघांचं रक्त. आईचं आन बापाचं, दोघांचं बी. एका घरातले, म्हणून दोघांत तीच खोट असंल. एकाकडनं आली तर बाधत न्हाई, दोन्हीकडनं आली की लेकराला बाधती." मग हळू म्हणली, "नकाशा कुठं बघायचं तेवढंच सांगतोय. खरं डॉक्टर सांगतील."

डॉक्टरांनी फुडं तपासलं. तेच निघालं.

ह्या लेकरांची दुधाची भुकटी येगळी असती. ती लांबून मागवली. यायच्या आत लेकरू गेलं. गंगा रडली न्हाई. अंगावरचं दूध पिळून टाकत बसली. कोंडाबाईनं येऊन बाळंतिणीचं बांधत्यात तसं तिचं डोकं बांधलं. माहेरी घाला असं परत घरात कुणी म्हणलं न्हाई.

मॅडमची शिष्यवृत्ती संपली. ती लातूरला क्लासमधी शिकवायला गेली. जाताना म्हणली, "आजी, लवकर बघायला मिळालं असतं तर..." म्या म्हणलं, "भाकरी बांधलीय, गाडीत खा."

वाचणाऱ्यांनो, घरात एक लेकरू असं गेलं असंल, तर दुसऱ्याच्या आधी नवरा-बायको दोघांनी बी जाऊन रक्त तपासून घ्या.