बाजारच्या दिवशीची गोळी

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की पहिला वास येतो तो बी-कॉम्प्लेक्सचा. रात्रभर कोंडलेला, किंचित आंबूस, पुठ्ठ्याच्या खोक्यांत आणि फिनाइलमध्ये मुरलेला. त्याला कुणी सुगंध म्हणणार नाही, पण मला तो आवडतो. नागपुरात धंतोलीतल्या आमच्या गल्लीत दवाखान्याला दवाखाना चिकटलेला आहे, आणि साडेआठलाच आमच्या पायऱ्यांवर माणसं येऊन बसलेली असतात. कुणी यवतमाळहून पहाटेच्या गाडीनं आलेलं, कुणी गडचिरोलीकडून दोन गाड्या बदलून. मांडीवर तपासण्यांची फाइल, बाजूला जेवणाचा डबा. मी आत जाते, पांढरा कोट चढवते, फ्रिजचं तापमान वहीत लिहिते आणि काउंटरशी उभी राहते. संध्याकाळपर्यंत मग उभीच. हा वास कपड्यांत शिरतो, केसांत शिरतो, पर्समधल्या रुमालात तर मुक्कामालाच असतो. घरी पाऊल टाकलं की मुलगी मान वर न करता म्हणते, आई आली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकच वर्ष असं गेलं की माझ्या कपड्यांना हा वास नव्हता. त्या वर्षाबद्दल मी फारसं कुणाशी बोललेले नाही.

बारावीचे निकाल लागले की ओळखीची माणसं मला विचारायला येतात. मुलीला डी. फार्म.ला, औषधशास्त्राच्या पदविकेला, घालावं का, या लाइनमध्ये काही आहे का. मी चहा ठेवते आणि खरं ते सांगते. नोकरी मिळेल. पगार ऐकून हरखून जावं असा नसेल. खुर्ची मिळणार नाही. पोटऱ्यांच्या शिरा तिशीतच दिसू लागतील. रविवार अर्धा मिळेल. समोरचा माणूस तुम्हाला दुकानातली बाई समजेल, औषधातलं कळणारी बाई समजायला त्याला काही वर्षं लागतील. आता औषधं मोबाइलवर मागवता येतात, आणि चौकाचौकांत सवलतीच्या पाट्यांची मोठी दुकानं आली आहेत. तिथं गणवेश चांगला, एसी चांगला, पण दिवसाचं टार्गेट असतं, आणि तापाच्या गोळीबरोबर प्रोटीनचा डबा खपवावा लागतो. एवढं झालं की आईवडील एकमेकांकडे बघतात. मग दोघांपैकी एक जण आवाज उतरवून विचारतो, नाहीच जमलं तर कुठंतरी सर्टिफिकेट लावता येतं ना? या प्रश्नावर मी चहाचे कप उचलते.

सर्टिफिकेट लावणं ही आमच्या धंद्यातली जुनी सोय आहे. औषधाच्या दुकानाला परवाना हवा तर नोंदणी झालेला फार्मासिस्ट हवा. ज्याच्याकडे दुकान आहे त्याच्याकडे पदविका नसते, आणि जिच्याकडे पदविका आहे तिच्या मांडीवर मूल असतं. मग सर्टिफिकेट फ्रेममध्ये जाऊन दुकानाच्या भिंतीवर बसतं आणि बाई घरी बसते. महिन्याला काहीतरी पोचतं. कायद्यात हे बसत नाही हे दोघांनाही माहीत असतं, आणि बोलायचं नाही हेही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली अशा भिंतींवर लागल्या. मुलगी वर्षाची झाली तेव्हा हातची नोकरी सोडून मीही लागले, बुटीबोरीला, कारखान्यांच्या रस्त्यावरच्या एका लहानशा मेडिकलमध्ये. दुकान मी पाहिलंही नव्हतं.

दुकानाचे मालक मूळचे उमरेडचे. वडिलांपर्यंत घरात हातमाग होते. मागाची खटखट थांबली तसे ते नागपुरात आले, आधी गांधीबागेत कापडाच्या गादीवर, मग एका औषधाच्या दुकानात पंधरा वर्षं, आणि शेवटी बुटीबोरीला स्वतःचं दुकान. माणूस सरळ. कापडाचा पोत बोटांना कळावा तशी त्यांना स्ट्रिप हातात घेताच कंपनी कळायची. हे कौतुकानं नाही, अनुभवानं सांगते. पुढं मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकले. त्यांची पाकिटं तर पाहण्यासारखी. गिऱ्हाईक सगळं कारखान्यांतलं. कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा, कुणी आसपासच्या खेड्यातलं. कुणाला मराठी वाचता यायचं नाही, कुणाला काहीच. म्हणून ते पाकिटावर चित्र काढायचे. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. सूर्य सगळ्यांचा सारखाच, मॅडम, असं ते म्हणायचे.

वर्ष होत आलं होतं. एका सकाळी त्यांचा फोन आला की औषध निरीक्षक त्या भागात फिरून राहिले आहेत, एक दिवस येऊन बसाल तर बरं होईल. मुलीला सासूबाईंकडे ठेवून मी गेले. दुकानात शिरल्या शिरल्या दिसला तो माझाच फोटो, कॉलेजच्या दिवसांतला, दोन वेण्यांचा, फ्रेमच्या काचेखाली. त्याच्याखाली प्लास्टिकच्या स्टुलावर मी बसले आणि समोर ठेवलेल्या रजिस्टरात वर्षभराच्या सह्या करू लागले. मी न पाहिलेल्या चिठ्ठ्या, मी न दिलेली औषधं, आणि खाली माझी सही. हात झरझर चालत होता. काही वाटत होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला पाचची बस धरायची होती.

अकराच्या सुमाराला एक बाई आली. जवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली, सूतगिरणीत कामाला जाणारी. तोंडाला बांधलेल्या ओढणीवर कापसाचे तंतू होते. तोंड आल्यावर लावायचं मलम द्या भाऊ, म्हणाली. मालकांनी न बघता मागं हात घातला आणि ट्यूब काढली. ती पुढं म्हणाली, आणि सासूच्या सांध्याच्या गोळ्याबी सरल्या, त्याबी द्या. सह्या करता करता मी ते ऐकलं. दोन वाक्यं वेगवेगळी ऐकली असती तर मान वर झाली नसती. एकापाठोपाठ ऐकली, आणि पेन थांबलं.

तोंड कुणाचं आलं, मी विचारलं.

"सासूचंच जी. पाणीबी गिळून नाही राहिली."

मी तिच्याकडून रिकामं पाकीट आणि चिठ्ठी घेतली. सांधेवातावरची एक गोळी अशी आहे की ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर ती रक्त तयार होण्याचं कामच थांबवते, आणि पहिली खूण दिसते ती तोंडात. चिठ्ठीवर सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं, आठवड्यातून एक, आठ आठवडे. आठ गोळ्या दिलेल्या होत्या. नऊ दिवस झाले होते. पाकिटावर एक सुरेख सूर्य काढलेला होता, किरणांसकट.

मी मालकांसमोर चिठ्ठी आणि पाकीट शेजारी शेजारी ठेवलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, पहिल्यांदाच खालच्या ओळीपर्यंत. गोळीचं नाव आणि आकडा वाचायची त्यांची सवय. रोजची नसलेली गोळी त्यांच्या रस्त्यावर फारशी आलीच नव्हती. सून आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. काहून बाई, काही चुकलं का, तिनं विचारलं. मी तिला सांगितलं. गोळी रोज द्यायची नव्हती, ती चूक दुकानाची आहे, आता एकही गोळी द्यायची नाही, आणि सासूला आत्ता, आजच, चिठ्ठी लिहिणाऱ्या धंतोलीतल्या डॉक्टरांकडे न्यायचं. उद्यापर्यंत थांबलं तर जिवावर बेतेल. मालक शटर ओढू लागले. निरीक्षक आले तर, असं मीच बोलून गेले. आज आठवलं की त्या प्रश्नाची लाज वाटते.

"येऊ द्या, मॅडम. सूर्य म्या काढला."

त्यांच्या व्हॅनमधून आम्ही गावात गेलो. म्हातारी खाटेवर पडलेली होती, अंगात ताप, ओठ सोलून निघालेले, हिरड्यांतून रक्त. बोलता येत नव्हतं. तरी उचलून नेताना तिनं हातवारे करून सुनेला चुलीवरचं दूध उतरवायला लावलं आणि दाराला कडी घातली का ते वळून पाहिलं. बुटीबोरी ते धंतोली हा रस्ता मी पुढं हजारदा केला, पण त्या दिवसाएवढा लांब तो कधीच नव्हता. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिची नाडी मोजत होते, आणि नाडी मोजून मला काही करता येणार नव्हतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पेशी फार खाली गेल्या होत्या. लगेच भरती केलं. मग बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं की औषध कुणी दिलं. मी म्हटलं, माझं सर्टिफिकेट जिथं लागलं आहे त्या दुकानातून. तुम्ही तिथं होतात, त्यांनी विचारलं. नव्हते, मी म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि आत गेले. आयुष्यात पुष्कळ जण माझ्यावर रागावले आहेत, पण तो चष्मा पुसणं मी विसरलेले नाही.

पहिले सहा दिवस काही सांगता येत नव्हतं. मालक रोज दुकान बंद करून यायचे, सुनेला डबा आणायचे आणि लांबच्या बाकावर बसायचे. मीही जायचे. सातव्या दिवशी पेशी वर सरकल्या. दहाव्या दिवशी म्हातारीनं पातळ भात मागितला, आणि तो आणल्यावर त्यात मीठ नाही म्हणून बाजूला सारला. तेव्हा मालक बाहेर जाऊन मिठाची पुडी घेऊन आले. मी सुनेला म्हटलं, तुम्ही तक्रार करू शकता, ती रास्तच होईल, आणि मी आहे तसं सांगेन. ती डबा घासत होती.

"भांडायले येळ कोठं आहे, बाई? वावरात कापूस फुटला. पण मले एक सांगा, भिंतीवर फोटो तुमचा आहे न? मंग फोटोच्या खाली तुमी काहून नाही राहत?"

पुढच्या सोमवारी मी मालकांना सांगितलं की फ्रेम उतरवा, नाहीतर मी रोज येते. ते म्हणाले, फ्रेम राहू द्या. मुलीला सासूबाईंनी सांभाळलं, नवऱ्यानं सकाळच्या पोळ्या शिकून घेतल्या, आणि मी सकाळी साडेसातची बस धरू लागले. महिन्याभरात कपड्यांना पुन्हा वास लागला. पहिल्या आठवड्यात मालक आणि मी एकमेकांच्या पायात पाय घालत होतो, मग जमलं. ते औषध काढायचे, मी चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचे. गर्दी खोळंबायची, लोक कुरकुरायचे, एक फिटर मला मास्तरीणबाई म्हणायचा. म्हणो.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी म्हातारीला तीच गोळी पुन्हा सुरू केली, या वेळी रक्ताच्या तपासण्या लावून. ती सुनेबरोबर स्वतः दुकानात आली. आता पाकिटावर काढायचं काय? मी सात रेघा ओढल्या आणि सातवीला गोल केला. तिनं पाकीट डोळ्यांशी धरलं, लांब धरलं, आणि ह्या काड्या कायच्या म्हणून विचारलं. मी वार समजावू लागले, तर म्हणाली की वार तिला एकच माहीत आहे, मंगळवार, त्यांच्या गावच्या बाजाराचा. त्या दिवशी तेल, मीठ, मिरची आणायची. बाकीचे दिवस नुसते जातात. मग मी रेघा खोडल्या आणि बाजाराची थैली काढली. मालक खांद्यावरून बघत होते. म्हातारीनं चित्र पाहिलं आणि मला दटावलं.

"थैलीले बंद कोठं आहे वं पोरी? धरू कशी?"

मी दोन बंद काढले. त्यानंतर ती दर दोन महिन्यांनी यायची, पाकीट हातात घेण्याआधी आपणच म्हणून दाखवायची, बाजारच्या दिवशी एक, बाजार चुकला तर विचारल्याबिगर नाही. नऊ वर्षं आली. मग एका थंडीत, म्हातारपणानं, आपल्या खाटेवर गेली. सून सांगायला आली होती. जाताना पावशेर तीळ देऊन गेली.

पुढं मालकांच्या मुलीनं पदविका घेतली. तिची फ्रेम लागली त्या दिवशी मी माझी उतरवून घरी आणली आणि धंतोलीत आले. नोकरी तीच, उभं राहणं तेच. आमच्या कामात चांगला दिवस म्हणजे ज्या दिवशी काही घडत नाही तो. पुलाला उद्घाटन असतं, शस्त्रक्रियेला पेढे असतात. वेळीच टळलेल्या चुकीचा सत्कार कुणी करत नाही, आणि करूही नये. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट, गर्दीतून वाट काढत जाणाऱ्या माणसाच्या हातात नीट समजावलेलं पाकीट दिसलं की पोटऱ्या दुखत असूनही बरं वाटतं. किती जण आठवड्याची गोळी घेऊन कुठल्या कुठल्या गावी गेले असतील. त्यांचं काही कळत नाही, हीच बातमी.

गेल्या महिन्यात चंद्रपूरच्याही पलीकडून एक बाई आली. माझ्या वयाची, बोटांचे सांधे सुजलेले. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, पुढच्या गोळ्या हव्या होत्या. तिनं पिशवीतून जुनं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. त्यावर मी कधी न ऐकलेल्या दुकानाचा शिक्का होता, आणि निळ्या पेनानं एक थैली काढलेली होती, दोन्ही बंदांसकट. हे कुणी काढलं, मी विचारलं. आमच्या तिकडच्या दुकानातल्या बाईनं, ती म्हणाली, ते सगळ्यांलेच काढून देते. बाजार कधी असतो तुमचा? शुक्रवारी, ती लगेच म्हणाली. त्या दुकानातली बाई हे कुणाकडून शिकली ते मी विचारलं नाही. मागं रांग होती. पाकीट तळहातावर पालथं केलं, चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि गोळ्या मोजल्या. जितक्या उरायला हव्या होत्या, तितक्याच उरल्या होत्या.