आईचे दोन ठिपके

माझ्या आईला दोन नावं आहेत. एक माहेरचं आणि दुसरं लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं. बाबांची बँकेतून जयपूरला बदली झाली, आम्ही प्रताप नगरात राहिलो ते राहिलोच, आणि बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. हल्ली आई विसरायला लागली होती. आधी दूधवाले भैया, मग जावा-नणंदा. पुढचा नंबर माझा, हे मला दिसत होतं. म्हणून तिची सगळी नाती तिच्याच तोंडून भरून घ्यायची, असा मी चंग बांधला.

साधन हाताशीच होतं. बनी पार्कातल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी वंशावळीचं सॉफ्टवेअर लिहिते. त्याचा ग्राफ डेटाबेस असतो, मतलब प्रत्येक माणूस एक ठिपका आणि प्रत्येक नातं एक रेघ. माहेर आणि सासर मी वेगवेगळ्या दिवशी भरलं होतं, त्यामुळे आई त्यात दोनदा आली. एक ठिपका तिच्या आईवडिलांपाशी, दुसरा बाबांपाशी आणि माझ्यापाशी.

एका दुपारी कूलरसमोर तिला शेजारी बसवून मी त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढली. ही दोन्ही एकच बाई, असं सांगणारी. आईने स्क्रीनवर बोट टेकवलं.

"ही पण मीच, ही पण मीच," ती हसली. "आणि ही तू."

मला इतकं बरं वाटलं की मी उठून चहा टाकला.

तेवढ्यात लाईट गेली. माझ्या लॅपटॉपच्या बॅटरीचा आनंदीआनंदच आहे, तोही बंद पडला. लाईट आल्यावर बघते तर दोन्ही ठिपके जागेवर आणि मधली रेघ गायब!

"अगं आई, बघ ना हे काय झालं!" मी ओरडलेच. तिने मान वळवली नाही. मग बाबा मारायचे तशी मी तिला सासरच्या नावाने हाक मारली.

"ती बाहेर गेलीय," आई म्हणाली. "बसा तुम्ही. येईल इतक्यात."

आई मला तुम्ही म्हणाली. दार उघडंच होतं आणि खरं सांगते, बाहेर कुणी येतंय का ते मी वाकून पाहिलं. गल्लीत नुसतं ऊन होतं.

मी हात धुऊन त्या रेघेच्या मागे लागले. दुसरं काय करणार होते? चूक माझीच निघाली. डेटाबेसमध्ये आधी ट्रान्झॅक्शन उघडायचं, काम करायचं आणि शेवटी ते पक्कं करायचं. पक्कं होईपर्यंत केलेलं काम त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच दिसतं. माझा कोड आधी तपासायचा, एखादं ट्रान्झॅक्शन चालू आहे का? असेल तर त्यातच काम उरकायचा. पक्कं करायचं काम ज्याने उघडलं त्याचं. आणि एक मीच सकाळी उघडून पक्कं करायला विसरले होते. घरात प्रत्येकाला वाटतं ना, गॅस दुसऱ्या कुणीतरी बंद केला असेल, तसलाच प्रकार. लाईट गेली आणि पक्कं न झालेलं पुसलं गेलं. इतकं सरळ होतं ते. पण त्याच वेळी आईच्या डोक्यातलं कुणी पुसलं, हे मी कुठल्या कोडमध्ये शोधू?

कोड दुरुस्त केला. रेघ पुन्हा ओढली, पक्की केली. लॅपटॉप बंद करून परत चालू केला. रेघ होती. वेड्यासारखी मी तो उचलून आईपुढे धरला.

"आई, बघ. ही कोण गं?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग लहानपणी पुसायची तसाच पदराने माझा घाम पुसला.

"किती वेळ बसून राहशील बाळा?" ती म्हणाली. "जा तू घरी. तुझी आई आली ना, की सांगते मी तिला, तू येऊन गेलीस म्हणून."