पाठमोरे मामाजी

आमच्या मामाजींइतक्या जोरात गप्प बसणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. हे माझे मामेसासरे; सासूबाई आणि आम्ही त्यांच्याच घरी राहत होतो. सालेकशाला धानाची शेती, पांढऱ्या मिशा आणि राग कायम नाकावर. पण रागावले की ओरडत नसत. ज्याच्यावर राग, त्याच्याकडे पाठ करून बसत. लेकीच्या लग्नात वरपक्षानं दुसऱ्यांदा मान मागितला, तर ह्यांनी भिंतीकडे तोंड करून जेवण उरकलं. एकदा गोंदियाची गाडी उशिरा आली म्हणून फलाटावर तिच्याकडे पाठ करून बसले. गाडी निघून गेली. घरी येऊन म्हणाले, "जाऊ दे, तिले समजलं असन." मला तर सून म्हणून त्यांच्यासमोर पदर ओढून, तोंड फिरवूनच वावरावं लागे; बोलणं दूरच. ते रागानं पाठमोरे, मी रीतीनं. त्यामुळे आमचं छान जमे.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. रेल्वेच्या कामावर छत्तीसगडकडची माणसं आली आणि रुळाकाठी झोपड्या घालून राहिली. मामाजी शाळेच्या कमिटीवर होते. झोपडी-झोपडी फिरून त्यांनी तिथली पोरं शाळेत घातली, आणि तिथून वादाला तोंड फुटलं. गुरुजी म्हणत, शाळा मराठी आहे, मराठीतच शिकवणार. गोंदियाचे एक वकील म्हणत, हिंदीत शिकवा. दोघं आमच्या ओसरीवर तासन्‌तास भांडत आणि चहा माझ्या हातचा पीत. पोरांच्या तोंडची बोली मात्र दोघांच्याही हिशेबी भाषाच नव्हती. आज आठवलं तरी माझं डोकं फिरतं. त्यातली बुधियारिन नावाची मुलगी पहिलीतच अडकली होती. गुरुजी म्हणाले, "ती मंद आहे. दिवाळीच्या परीक्षेत जमलं नाही तर नाव काढू."

मामाजी म्हणाले, "लहान भाऊ सांभाळते, भात रांधते, बाजारात भल्याभल्यायसंग भाव करते. ते मंद काऊन? तिच्या बोलीत इचारून पाहा ना."

"ती बोली आम्हाला कुठे येते?"

"मंग मंद कोन?" एवढं बोलून त्यांनी गुरुजी आणि वकील दोघांकडे पाठ केली.

पाठ केली आणि समोर मी आले, दारात, चहाची भांडी घेऊन. माझं माहेर डोंगरगडचं. छत्तीसगडी मी खेळता खेळता शिकले होते. मामाजी चार माणसांदेखत थेट माझ्याशी बोलले, "बेटी, तुले येते ना त्यायची बोली? मंग शिकव. पदर राहू दे डोक्यावर, तोंड उघडलं म्हणजे झालं." सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला, पण गोठ्याशेजारच्या पडवीत माझी शाळा सुरू झाली. बेंदरा म्हणजे माकड, बिलई म्हणजे मांजर. आधी त्यांचा शब्द, मग आपला. मामाजी पोरांकडे तोंड करून बसत आणि स्वतःच मोठ्यानं पाठ करत. बुधियारिन पावसाळा सरेपर्यंत घडाघडा वाचू लागली.

परीक्षेला तिनं माकडाचा धडा मराठीत एकही चूक न करता वाचला. गुरुजींनी अर्थ विचारला. तिनं तो सगळा, शेपटीपासून शेवटापर्यंत, हसत हसत सांगितला, पण छत्तीसगडीत. गुरुजींनी तिला नापास केलं आणि नाव काढून टाकलं. मला अजून कळत नाही, त्या माणसाला तिचं समजणं तपासायचं होतं की तिची जीभ छाटायची होती. वकीलसाहेबही हळहळले नाहीत; त्यांचं दुःख एवढंच की तिनं हिंदीत का नाही सांगितलं. पुढे रेल्वेनं ती माणसं दुसरीकडे हलवली. बुधियारिन जाताना पडवीत डोकावली, तेव्हा मामाजी शेतावर होते.

त्यानंतर शाळेवरून जाताना मामाजी मान वळवत. शेवटच्या आजारात मात्र ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडत. घरात सगळे एकमेकांना विचारत, आता हे कोणावर रागावले? शेवटी मीच विचारलं.

"कोनावर नाही, बेटी," ते भिंतीलाच म्हणाले. "त्या पोरीले शाळेत मीच धाडलं होतं."

मी खाट भिंतीपासून ओढली, मधल्या जागेत शिरले, आणि डोक्यावरचा पदर मागे सारून त्यांच्या तोंडासमोर बसले.